हरभऱ्यावरच्या विषाणूचे प्रयोगशाळेतले काम

प्रश्न : माझे वडील हरभऱ्यावरील घाटे अळीसाठी दरवर्षी एचएएनपीव्ही या अळीला मारणाऱ्या विषाणूची फवारणी करतात. याच कुळातील विषाणू वापरून अळीच्या पेशींत लसीसाठी प्रथिने तयार करतात, असे आमच्या जैवतंत्रज्ञानाच्या वर्गात सांगण्यात आले. अळीला मारणारा विषाणू माणसाच्या लसीसाठी कसा चालतो? आणि हे काम जिवाणूंकडून का करून घेत नाहीत?
– एक विद्यार्थिनी, सेलू, जि. परभणी

उत्तर : आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आपल्याच शेतात आहे. फवारणीनंतर काही दिवसांनी हरभऱ्याच्या शेंड्याला उलटी लटकलेली, काळपट पडलेली अळी आपण पाहिली असेल. तिला हात लावताच कातडी फाटते आणि पातळ द्रव ओघळतो. त्या द्रवात पॉलिहेड्रिन नावाच्या प्रथिनाचे असंख्य बारीक स्फटिक असतात आणि त्यांच्या पोटात विषाणू जपलेला असतो. दुसरी अळी ते पान खाईपर्यंत विषाणूला उघड्यावर तग धरावा लागतो, त्यासाठी हे कवच. तरीही कडक ऊन त्याला सोसत नाही, म्हणूनच फवारणी संध्याकाळी करायची आणि द्रावणात नीळ मिसळायची.

आता हाच विषाणू काचेच्या चंबूतील पेशींत वाढवला, तर तेथे ऊनही नाही आणि पानही नाही; कवचावाचून त्याचे काहीच अडत नाही. मात्र पॉलिहेड्रिनच्या जनुकाचा प्रमोटर, म्हणजे जनुक चालू करणारा डीएनएचा भाग, इतका प्रबळ असतो, की संसर्गाच्या शेवटच्या टप्प्यात पेशी ते प्रथिन प्रचंड प्रमाणात बनवते. त्या जनुकाच्या जागी आपल्याला हवे ते जनुक बसवले, की पेशी तितक्याच जोमाने आपले प्रथिन बनवू लागते. टेक्सास ए अँड एम विद्यापीठातील मॅक्स समर्स आणि गेल स्मिथ यांनी १९८३ मध्ये मानवी बीटा इंटरफेरॉन हे प्रथिन अशा रीतीने तयार करून दाखवले. मला ही कल्पना आजही विलक्षण सुंदर वाटते.

यासाठी वापरतात तो विषाणू आपल्या एचएएनपीव्हीचा भाऊबंद आहे, तोच नव्हे. तो ऑटोग्राफा कॅलिफोर्निका या पतंगाच्या अळीतून मिळाला. तो ज्यांत वाढवतात त्या एसएफ-९ नावाच्या पेशी मात्र २०१८ पासून आपल्याकडच्या मक्यावर आलेल्या अमेरिकन लष्करी अळीच्या कोषातील अंडाशयापासून तयार केलेल्या आहेत.

जिवाणूंना या कामातून वगळलेले नाही. विषाणूचा डीएनए ई. कोलाय या जिवाणूमध्ये ठेवून त्यात जनुक बसवतात आणि मग तो डीएनए कीटकपेशींत सोडतात. इन्सुलिनसारखे लहान प्रथिनही ई. कोलाय उत्तम बनवतो. परंतु मोठ्या प्रथिनांची घडी त्याच्याकडून अनेकदा बिघडते, त्यांचे न विरघळणारे गोळे होतात आणि माणसाच्या पेशी प्रथिनांवर जोडतात तशा शर्करासाखळ्या त्याला जोडता येत नाहीत. कीटकपेशी घडीही नीट घालते आणि साखळ्याही जोडते, मात्र त्या आखूड व साध्या असतात. म्हणून एरिथ्रोपोएटिनसारखे (तांबड्या रक्तपेशी वाढवणारे प्रथिन), रक्तात दीर्घकाळ टिकायला हवे असलेले औषध सस्तन प्राण्यांच्या पेशींतच बनवतात. ही मर्यादा वर्गात घाईने उरकली जाते, म्हणून मुद्दाम लिहितो.

वाढवताना कीटकपेशींना सस्तन प्राण्यांच्या पेशींसारखा कार्बन डायऑक्साइड लागत नाही, पण तापमान सुमारे २७ अंश लागते. मराठवाड्याच्या मे महिन्यात नुसता तापवणारा इन्क्युबेटर उपयोगाचा नाही, थंडही करणारा बीओडी इन्क्युबेटर हवा. रात्रभर वीज गेल्यामुळे आठवड्याभराच्या पेशी सकाळी तळाशी मेलेल्या मी स्वतः पाहिल्या आहेत. संसर्ग झालेली पेशी फुगते, तिचे केंद्रक जवळजवळ सगळी जागा व्यापते आणि विभाजन थांबते. साधारण ४८ ते ७२ तासांत प्रथिन काढून घ्यावे, कारण उशीर झाल्यास पेशी फुटतात आणि त्यांच्यातील प्रथिनविघटक विकरे आपल्या प्रथिनाचेच तुकडे करतात.

राहिली सुरक्षिततेची शंका. हा विषाणू माणसाच्या पेशीत शिरला, तरी तेथे त्याची वाढ होत नाही. शिवाय प्रथिन शुद्ध करताना तो निष्क्रिय करून काढून टाकतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेल्या आणि डिसेंबर २०२१ मध्ये आपल्याकडे मान्यता मिळालेल्या कोव्होव्हॅक्स या कोव्हिडवरील लसीतील स्पाइक प्रथिन (कोरोना विषाणूच्या पृष्ठभागावरचे) याच पद्धतीने एसएफ-९ पेशींत तयार केले गेले.

यंदाच्या फवारणीनंतर लटकलेल्या अळीतील एक थेंब काचपट्टीवर घेऊन महाविद्यालयातील ऑइल इमर्शन भिंगाखाली, १००० पट मोठा करून पाहा. आत चमकणारे ते कण म्हणजेच पॉलिहेड्रिनचे स्फटिक.