कॅलिफोर्नियात स्वतःचं इंजिनिअरिंगचं काम सुरू करताना

नोकरी सोडून सल्लागार होतोयस, मनापासून आनंद झाला! पण आधी एक गोष्ट नीट समजून घे. पीई (प्रोफेशनल इंजिनिअर, म्हणजे राज्याचा व्यावसायिक इंजिनिअरचा) परवाना नसतानाही कंपनीत तू डिझाइन करू शकलास ते उत्पादक कंपन्यांना असलेल्या सवलतीमुळे. ती नोकरीला चिकटलेली असते, तुझ्यासोबत बाहेर येत नाही. बाहेरच्या ग्राहकाला सिव्हिल, इलेक्ट्रिकल किंवा मेकॅनिकल सेवा द्यायची तर परवाना हवाच.

नवखे हमखास इथे चुकतात:
- घाईने एलएलसी (मर्यादित जबाबदारीची कंपनी) काढतात. इथे परवाना लागणारी इंजिनिअरिंग सेवा एलएलसीतून देता येत नाही, वर दरवर्षी किमान ८०० डॉलर कर.
- कॉर्पोरेशन काढली की आपली वैयक्तिक जबाबदारी संपली, असं समजतात. स्वतःच्या डिझाइनमधल्या चुकीची जबाबदारी तुझीच राहते. अशा चुकांसाठीचा व्यावसायिक विमा पहिल्या करारापूर्वी घे.

एकटाच असशील तर परवाना मिळाल्यावर स्वतःच्या नावाने सुरुवात कर. कराची गणितं नंतर बघू.