इतिहासकार जदुनाथ सरकार इंग्रजीचे प्राध्यापक होते, मग औरंगजेबाचं चरित्र त्यांनी कधी लिहिलं?

नोकरी सांभाळूनच लिहिलं, आणि इंग्रजीचे प्राध्यापक हेही खरंच. 1892 साली ते कलकत्ता विद्यापीठातून इंग्रजी घेऊन एम.ए. झाले, पुढची बरीच वर्षं पाटण्याच्या सरकारी कॉलेजात शिकवत होते. औरंगजेबाच्या चरित्राचे पाच खंड 1912 ते 1924 या काळात निघाले. मधेच, 1919 साली, शिवाजी महाराजांवरचं पुस्तक आलं. 1926 ते 1928 ते कलकत्ता विद्यापीठाचे कुलगुरू होते, पण तोवर मुख्य काम हातावेगळं झालं होतं.

खरा वेळ खाल्ला तो कागदपत्रांनी. मुघल दरबाराचे अखबार म्हणजे रोजची बातमीपत्रं: बादशहाचा मुक्काम कुठे, कुणाची मनसब (दरबारी दर्जा) वाढली, कुणाला खिलत (मानाचा पोशाख) मिळाली. सगळं फारसीत, तेही घाईच्या हस्ताक्षरात. त्यांनी अशा कागदांच्या नकला करवून घेतल्या, फारसी तर वाचलीच, मराठीही शिकले. मराठी साधनांसाठी त्यांचा आधार म्हणजे बडोदा संस्थानातून निवृत्त होऊन कामशेतला राहिलेले ‘मराठी रियासत’ लिहिणारे इतिहासकार, रियासतकार सरदेसाई. दोघांचा पत्रव्यवहार छापलेला आहे. मी हे बरंचसं त्यावरूनच सांगतोय.

एक मात्र लक्षात ठेवा: तारखा आणि मोहिमांचा तपशील यासाठी हे खंड आजही उघडावे लागतात, पण औरंगजेबाच्या धोरणाचा अर्थ लावताना त्यांनी धर्मावर जो भर दिला, तो नंतरच्या अनेक अभ्यासकांना मान्य नाही.