जखमी खेळाडू परत आला, मग घरी कोण जाणार?

बेसबॉलची पत्रं यावेळी जवळजवळ सगळी एकाच गोष्टीवर आलीत, म्हणून बाकीचे विषय पुढच्या अंकात. पहिल्या प्रश्नाने बरीच जागा खाल्लीये, पण इलाज नव्हता.

प्रश्न : सर, मी लॉस एंजेलिस डॉजर्सचा फॅन. २०२५ च्या मे महिन्यात टॉमी एडमन घोट्याच्या दुखापतीतून परत आला आणि त्याच दिवशी त्यांनी क्रिस टेलरला सोडून दिलं. २०१६ पासून टीममधे असलेला माणूस! आणि त्याआधी चर्चा काय, तर कोरियाहून आलेला नवा पोरगा हेसाँग किम खाली जाणार, जो चारशेच्या वर (म्हणजे .४००, दर दहा वेळी चार हिट) सरासरीने मारत होता. मुळात एवढं मारणारा जाणार अशी चर्चा होतेच कशी? जो सगळ्यात वाईट खेळतोय त्याला काढा ना, एवढं काय त्यात?

उत्तर : सगळ्यात वाईट कोण हा प्रश्न मॅनेजमेंट शेवटी विचारते हो. पहिला प्रश्न असतो की कुणाला बाहेर काढलं तरी तो आपलाच राहील. आपल्याला सवय क्रिकेटची, तिथे अकरातून वगळलेला गडी पाणी घेऊन मैदानात येतो आणि पुढच्या मॅचला परत खेळतो. इथे रोस्टर (टीमची यादी) २६ जणांचा, सत्ताविसावा आत आला की कुणीतरी बाहेर जाणारच, आणि बाहेर जायचे रस्ते सगळ्यांना सारखे नसतात.

तरुण खेळाडूला 'ऑप्शन' असतात. म्हणजे क्लब त्याला मायनर्समधे (मेजर लीगच्या खालच्या लीगमधे) पाठवू शकतो आणि पाहिजे तेव्हा परत बोलवू शकतो, दुसऱ्या कुणाला त्याच्यावर हात टाकता येत नाही. साधारण तीन सीझन ही सोय असते, एका सीझनमधे कितीही वेळा खालीवर केलं तरी एकच ऑप्शन खर्च होतो, फक्त २०२२ पासून वर्षाला पाच वेळाच खाली पाठवता येतं. उलट ज्याचे ऑप्शन संपलेत त्याला खाली पाठवायचं तर आधी वेव्हरवर टाकावं लागतं, म्हणजे हवा त्याने उचलावा असं जाहीर करावं लागतं, तिथे बाकीच्या २९ टीम टपलेल्या असतात. आणि ज्याची मेजर लीगमधे पाच वर्षं भरलीत त्याला तर त्याच्या संमतीशिवाय खाली पाठवताच येत नाही. टेलर या शेवटच्या प्रकारातला, किम पहिल्या.

म्हणजे डॉजर्ससमोर हिशोब असा होता की किमला ट्रिपल-ए ला (मायनर्सची सगळ्यात वरची पायरी) पाठवलं तर दोघंही आपलेच, टेलरला काढलं तर टेलर कायमचा गेला. कागदावर किमला पाठवणं फुकटात पडत होतं, आणि दहापैकी आठ-नऊ वेळा क्लब तेच करतात, पोरगा कितीही मारत असला तरी. चर्चा त्यामुळेच होती, कुणी वेडं नव्हतं झालं.

आता आकडेवारी बघा. २६ मधे पिचर (बॉल टाकणारे) जास्तीत जास्त १३ ठेवता येतात आणि सगळे १३ च ठेवतात (ओटानीसारखा दोन्ही करणारा त्या १३ मधे धरत नाहीत, तो डॉजर्सचा वेगळाच फायदा). उरले १३ बॅटर. त्यातले नऊ डीएच (पिचरऐवजी फक्त बॅटिंग करणारा) धरून रोज खेळणारे, बेंचवर राहिले चार. त्यातला एक राखीव कॅचर, त्याला हात लावता येत नाही कारण पहिल्या कॅचरच्या बोटाला बॉल लागला तर मागे बसणार कोण. म्हणजे बाहेरून २६ जणांमधून निवड वाटते ती खरी दोन-तीन जणांमधेच असते, आणि त्यातही जो शॉर्टस्टॉप आणि सेंटर फील्ड या फिल्डिंगच्या दोन्ही जागा सांभाळेल तो जवळपास सेफ.

टेलरची नोकरी वर्षानुवर्षं याच गुणावर टिकली होती. इनफिल्ड, आउटफिल्ड, कुठेही उभा करा. २०१७ च्या एनएलसीएस मधे (नॅशनल लीगची फायनल) जस्टिन टर्नरबरोबर एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडूचा मान) वाटून घेतला, २०२१ च्या वाइल्ड कार्ड या एकाच मॅचच्या नॉकआउटमधे कार्डिनल्सविरुद्ध नवव्या इनिंगला होमरन मारून मॅच संपवली, त्यावर चार वर्षांचा सहा कोटी डॉलरचा करार. पण २०२४ मधे सरासरी .२०२ वर आली आणि २०२५ मधे मे अर्धा होईपर्यंत त्याला जेमतेम पस्तीसेक वेळा बॅट मिळाली, त्यातही .२००. आणि एडमन दुखावला म्हणून ३ मे ला वर आलेला किम बघा, तो पण सेकंड बेस, शॉर्टस्टॉप, सेंटर फील्ड सगळं खेळतो, वर डावखुरा आणि पळायला चपळ. म्हणजे एकाच कामाला दोन माणसं झाली आणि त्यातला एक पळतो, मारतो, दुसरा बसून आहे. अशावेळी 'फुकटात पडणारा' पर्याय तेवढा फुकट राहत नाही, कारण किम खाली गेला की बेंचवरून मिळणाऱ्या धावा पण खाली जातात.

टेलरला त्या वर्षीचे १ कोटी ३० लाख डॉलर द्यायचेच होते, ठेवला तरी आणि काढला तरी. बरेच क्लब इथेच अडकतात, पैसे दिलेत तर वापरून तरी घेऊ म्हणून माणूस बसवून ठेवतात आणि त्या नादात मॅचेस घालवतात. डॉजर्सकडे पैसा आहे म्हणून त्यांना परवडतं असं लोक म्हणतात, त्यात तथ्य आहे, पण पूर्ण नाही. चारच दिवस आधी त्यांनी राखीव कॅचर ऑस्टिन बार्न्सलाही हलवला होता, तो २०१५ पासूनचा, तरुण कॅचर डाल्टन रशिंगसाठी. एका आठवड्यात दोन जुने चेहरे गेले म्हणजे वरून ठरलेलं होतं की या वर्षी बेंच तरुण करायची.

मला विचाराल तर निर्णय बरोबर होता. फक्त 'म्हातारा काढा, पोरगा ठेवा' असा नियम यातून कुणी काढू नये. त्याच बेंचवर ३६ वर्षांचा मिगेल रोहास होता आणि त्याला त्यांनी ठेवला. त्याच वर्षी वर्ल्ड सिरीजच्या (म्हणजे फायनलच्या) सातव्या मॅचमधे, टोरांटोत, नवव्या इनिंगला, डॉजर्स एका रनने मागे असताना होमरन मारून बरोबरी कुणी केली? त्यानेच. अकराव्या इनिंगला डॉजर्सच्याच विल स्मिथने होमरन मारला आणि ५-४ ने कप नेला, पण रोहास नसता तर अकरावी इनिंग आलीच नसती.

प्रश्न : आमचा पिचर मायनर्समधे तीन मॅच खेळला, मस्त टाकतोय, तरी टीम म्हणते अजून रिहॅब चालू आहे. फिट माणसाला खाली ठेवून टाइमपास का?

उत्तर : थोडा टाइमपास असतोच, खोटं कशाला बोलू. रिहॅबला (दुखापतीनंतर मायनर्समधे खेळून सराव) मुदत असते, बॅटरला २० दिवस आणि पिचरला ३० दिवस. तेवढे दिवस तो इंजर्ड लिस्टवरच धरला जातो म्हणजे वरच्या २६ मधली जागा लागत नाही, आणि क्लबला कुणाला काढायचं ते ठरवायला वेळ मिळतो. या काळात बहुतेक वेळा प्रश्न आपोआप सुटतो, दुसऱ्या कुणाची तरी मांडी आखडते नाहीतर खांदा दुखतो. इंजर्ड लिस्टवर टाकायला डॉक्टरचा कागद लागतो हे खरं, पण जून-जुलैत कुठल्या रिलिव्हरचं (मॅचमधे नंतर येणाऱ्या पिचरचं) काहीच दुखत नाही सांगा बरं.

पण तुमचा पिचर स्टार्टर (मॅच सुरू करणारा) असेल तर खरं कारणही असू शकतं. एवढे दिवस न टाकलेला हात एकदम शंभर पिचेस टाकत नाही, आधी ४५, मग ६०, मग ७५ असं चढवत न्यावं लागतं, आणि मधे चार-पाच दिवस विश्रांती. तीन मॅच म्हणजे तो आत्ता कुठे ७५ च्या आसपास आला असेल.

तो आला की जाणार कोण हे ओळखायचं असेल तर आदल्या रात्रीचा बॉक्स स्कोअर (स्कोअरकार्ड) बघा. बुलपेनमधल्या (रिलिव्हरांपैकी) ज्याने तीन इनिंग टाकल्या आणि ज्याच्याकडे ऑप्शन शिल्लक आहे तो सकाळी बॅग भरतो, कारण पुढचे दोन-तीन दिवस त्याचा हात तसाही उपयोगाचा नाही. काल त्याने टीम वाचवली आणि आज त्यालाच खाली पाठवतात, मला हे दरवेळी कसंतरीच वाटतं. वर पिचरला एकदा खाली पाठवला की १५ दिवस परत आणता येत नाही, वर कुणी जखमी झाला तरच.

आणि एक बघून ठेवा, तुमचा पिचर ६० दिवसांच्या इंजर्ड लिस्टवर आहे का? असेल तर भानगड डबल. त्या लिस्टवरचा खेळाडू ४० जणांच्या मोठ्या रोस्टरमधे पण मोजत नाहीत, म्हणजे तो परत येताना २६ मधे एक आणि ४० मधे एक अशा दोन जागा लागतात. ४० भरलेले असतील तर नुसतं कुणाला ऑप्शन करून भागत नाही, ४० मधली जागाही रिकामी करावी लागते.

प्रश्न : डीएफए केलेल्या खेळाडूचं पुढे काय होतं? पगार बुडतो का?

उत्तर : डीएफए म्हणजे 'डेझिग्नेट फॉर असाइनमेंट', ते केलं की खेळाडू त्याच क्षणी ४० मधून बाहेर आणि क्लबकडे सात दिवस. तेवढ्यात ट्रेड करा, वेव्हरवर टाका, नाहीतर सोडा. वेव्हरवर ज्या टीमचा रेकॉर्ड खराब तिला आधी हक्क. ज्याने उचलला त्याच्या डोक्यावर करार पण येतो, म्हणून महागड्या खेळाडूला कुणी उचलत नाही, सगळे थांबतात की पूर्ण सुटू दे मग घेऊ. पूर्ण सुटला की नवी टीम फक्त किमान पगार देते, २०२५ ला तो वर्षाचा ७ लाख ६० हजार डॉलर होता, तोही उरलेल्या दिवसांच्या हिशोबाने, बाकीचे सगळे जुन्या क्लबच्या खिशातून. टेलरला थोड्याच दिवसांत एंजल्सनी घेतलं ते असंच. तेव्हा मेजर लीगचा पक्का करार असलेल्या जुन्या खेळाडूचा पगार बुडत नाही, मार बसतो तो तरुणांना, मायनर्समधे गेल्यावर बहुतेकांचा पगार किती तरी खाली येतो.

कुणीच उचलला नाही तर क्लब त्याला मायनर्समधे पाठवू शकतो, पण तीन वर्षं झालेला किंवा आधी एकदा असा पाठवलेला खेळाडू नाही म्हणून मोकळा होऊ शकतो.

आणि क्लबला भीती कशाची असते माहितीये, जे. डी. मार्टिनेझची. ह्यूस्टनने २०१४ च्या मार्चमधे त्याला सोडला, डेट्रॉइटने घेतला, त्याच सीझनला .३१५ आणि २३ होमरन. २०१७ ला ४५. मी स्विंग बदललाय असं सांगत होता तो, पण स्प्रिंगमधे त्याला बॅटच जेमतेम मिळाली, तेवढ्यावरून ठरवून मोकळे झाले.

प्रश्न : वॉली पिपचं डोकं दुखलं म्हणून लू गेहरिगला संधी मिळाली आणि पिपची जागा कायमची गेली, हे खरं का?

उत्तर : जागा गेली हे खरं, डोकेदुखीचं मात्र बहुधा मागाहून चिकटलेलं आहे. १९२५ ला यांकीज (दोघांची टीम) वाईट खेळत होते, पिप पण मारत नव्हता, म्हणून २ जूनला मॅनेजर मिलर हगिन्सने लाइनअपच बदलली, पिप एकटा नाही बसला. डोक्याची खरी इजा महिन्याभराने, जुलैत, बॅटिंग प्रॅक्टिसला बॉल लागला तेव्हाची, त्यात तो हॉस्पिटलमधे होता. बरा होऊन आला तोवर फर्स्ट बेसवर गेहरिग घट्ट बसलेला, आणि पुढच्या सीझनआधी पिपला सिनसिनाटीला विकला. गेहरिग मग १९३९ पर्यंत सलग २१३० मॅच खेळला. दुखापत लपवून खेळणारे आजही खेळतात ते याच भीतीने, आणि मग दोन आठवड्यांची दुखापत दोन महिन्यांची करून बसतात.

प्रश्न : फँटसी लीगचं विचारलं तर चालेल का? आयएल (इंजर्ड लिस्ट) स्लॉटमधला माझा स्टार परत येतोय. ड्रॉप कुणाला करू, दोन आठवडे थंड पडलेला जुना भरवशाचा बॅटर की आठवड्यात चार होमरन मारलेला नवा पोरगा?

उत्तर : चालेल की, फँटसी म्हणजे खऱ्या खेळाडूंची कागदावरची टीम, गुण त्यांच्या खऱ्या खेळावर. आधी घाई करू नका, स्टार उद्या येणार म्हटलं तरी लाइनअपमधे नाव दिसेपर्यंत स्लॉटमधेच राहू द्या, बऱ्याच लीगमधे तेवढी मुभा असते. मग त्या नव्या पोराच्या खऱ्या टीमचं बघा की तिथे त्याच्या जागेवरचा कोण दुखापतीतून परत येतोय आणि पोराकडे ऑप्शन आहेत का. वरती किमचं सांगितलं तेच, चार होमरन मारूनही हा पोरगा पुढच्या मंगळवारी ट्रिपल-ए मधे असू शकतो आणि तिथले होमरन तुमच्या खात्यात जमा होत नाहीत. दोन आठवड्यांचा थंडपणा म्हणजे पन्नासेक बॅट, त्यावर जुन्या माणसाला काढू नका. दोघांतला एकच ठेवायचा तर जुना ठेवा, पण टीममधे कुठे सेव्ह (शेवटी आघाडी टिकवल्याची नोंद) न मिळणारा रिलिव्हर उगाच बसवून ठेवला असेल तर या दोघांना हात न लावता आधी त्याला काढा.