डॅलसला येण्याआधी मुलीचं वय मोजा

तुम्ही विचारलंत की कंपनी एल-वन व्हिसावर (कंपनीने आपलाच माणूस अमेरिकेतल्या ऑफिसात पाठवायचा व्हिसा) टेक्सासातल्या डॅलसला पाठवतेय, मुलगी सात वर्षांची आहे, आणि तिकडे राष्ट्राध्यक्ष बदलला की आपल्यासारख्यांचं नेमकं काय बदलतं. फॉर्म, फी, मुलाखत हे सगळं सरकारी संकेतस्थळांवर आहे, ते मी लिहीत नाही. पण तुमचा शेवटचा प्रश्न दोन दिवस डोक्यातून गेला नाही. आम्ही २०१० मध्ये साताऱ्याहून आलो तेव्हा आमची मुलगी सहा वर्षांची होती.

बातम्यांत राष्ट्राध्यक्ष दिसतो. घरात ज्याच्याशी गाठ पडते तो कायदा बहुतेक वेळा फार जुना असतो. आमच्यावर सगळ्यात जास्त सत्ता गाजवली ती थोरल्या बुश यांनी नोव्हेंबर १९९० मध्ये सही केलेल्या कायद्याने. नोकरीवरची ग्रीन कार्डं वर्षाला १,४०,०००, त्यात बायकामुलंही धरायची, आणि साधारणपणे एका देशाला ७ टक्क्यांच्या वर नाही, मग तो भारत असो की आइसलँड. एच-वन-बी, म्हणजे पदवी लागणाऱ्या कामांसाठीचा व्हिसा, नवऱ्याचा तोच, हाही त्याच कायद्यातला. म्हणजे माणसं बोलवायची सोय आणि त्यांना राहू द्यायचं माप एकाच दिवशी ठरलं, आणि दोन्हींचा एकमेकांशी मेळ बसवला नाही. नंतर क्लिंटन, धाकटे बुश, ओबामा, ट्रम्प, बायडन, पुन्हा ट्रम्प. हे आकडे तसेच आहेत. २०१९ मध्ये प्रतिनिधिगृहाने देशनिहाय मर्यादा काढायचं विधेयक ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर केलं, पुढच्या वर्षी डिसेंबरात सिनेटनेही स्वतःचा वेगळा मसुदा मंजूर केला, आणि दोन्हींचा मेळ न बसल्यामुळे सगळं वाया गेलं. दोन्ही पक्षांचे लोक बाजूने असूनही. त्याचा राग अजून जात नाही.

रिपब्लिकन म्हणजे एकच विचार, असं मात्र समजू नका. रेगन यांनी १९८६ च्या कायद्याने सुमारे २७ लाख बेकायदा राहणाऱ्यांना कायदेशीर केलं. उद्योगांना माणसं हवी होती आणि पक्ष तेव्हा उद्योगांचं ऐकत होता. धाकट्या बुश यांनी २००७ मध्ये तसाच मोठा कायदा आणायचा प्रयत्न केला, तो सिनेटमध्ये पडला, आणि पाडणाऱ्यांत त्यांच्याच पक्षाचे बरेच होते. पक्षाची दिशा तिथेच बदलली असं मला वाटतं. ट्रम्प नंतर आले. सप्टेंबर २०२५ मध्ये देशाबाहेरून येणाऱ्या नव्या एच-वन-बी अर्जावर १,००,००० डॉलर लावले गेले. तुमची कंपनी एल-वनचं बोलतेय त्यामागे हेही कारण असू शकेल.

कायदा न बदलता नुसत्या कार्यालयीन सूचनेने किती बदलतं ते आम्ही २०१७ नंतर पाहिलं. आधी मंजूर झालेल्या व्हिसाची मुदतवाढ सहसा सहज होई. त्या ऑक्टोबरात अधिकाऱ्यांना सांगण्यात आलं की जुन्या मंजुरीचा मान ठेवायची गरज नाही, प्रत्येक अर्ज नव्याने तपासा. नवऱ्याची तीच नोकरी, तीच खुर्ची, आणि प्रश्न आला की या कामाला पदवी लागते हे सिद्ध करा. कामाचं वर्णन, पगाराच्या पावत्या, ऑफिसची रचना दाखवणारे तक्ते, साताऱ्याच्या कॉलेजातल्या गुणपत्रिका. मी जेवणाच्या टेबलावर ते कागद लावत बसायचे. मंजुरी आली, पण तोवर त्याचं गाडीचं लायसन्स संपलं होतं, कारण टेक्साससारख्या राज्यात ते व्हिसाच्या तारखेला बांधलेलं असतं. रोज त्याला ऑफिसला सोडायला मी जात होते. २०२१ मध्ये ती सूचना मागे घेतली गेली. त्या महिन्यांचं काय, याला उत्तर नाही.

आता शाळा. इथे मी लांबण लावणार आहे.

धाकट्या बुश यांनी जानेवारी २००२ मध्ये शाळांचा जो कायदा केला, त्याचं मूळ टेक्सासातच आहे. ते इथे गव्हर्नर असताना शाळांना परीक्षांच्या निकालावर जोखायची पद्धत होती, तीच त्यांनी देशभर नेली, विरोधी डेमोक्रॅट पक्षाचे सिनेटर टेड केनेडींना सोबत घेऊन. तिसरी ते आठवी, दरवर्षी वाचन आणि गणिताची परीक्षा. ओबामांनी २०१५ मध्ये तो कायदा बदलला, निकाल वाईट लागलेल्या शाळांच्या शिक्षा सैल केल्या, परीक्षा ठेवल्या. हेतू वाईट नव्हता. गरीब, काळी, स्पॅनिश बोलणारी मुलं मागे पडताहेत हे आकड्यांत दिसावं, शाळांना लपवता येऊ नये, हा हेतू होता, आणि मला तो आजही पटतो.

पण प्रवेशाच्या वेळी एक कागद भरून घेतात: घरात कोणती भाषा बोलता? मी ‘मराठी’ लिहिलं. खरं तेच लिहिलं. त्यामुळे मुलीची इंग्रजीची चाचणी झाली, ती बावरली, बोललीच नाही, आणि इंग्रजी शिकणाऱ्या मुलांच्या गटात गेली. साताऱ्यात ती गोष्टींची इंग्रजी पुस्तकं वाचत होती. तिसरीत राज्याची परीक्षा जवळ आली तशी तिला चित्रकलेच्या तासातून उठवून उतारे सोडवायला नेऊ लागले. चित्रकला हा तिचा जीव की प्राण. मी जाऊन बोलले, फार गोड हसून ऐकून घेतलं, काही बदललं नाही. एक दिवस ती म्हणाली, “आई, पुढच्या वेळी कागदावर मराठी लिहू नकोस.” त्यानंतर ती माझ्याशी इंग्रजीतच उत्तरं देऊ लागली. आता ती एकवीस ओलांडून गेली आहे आणि आजीशी फोनवर बोलताना शब्द शोधते. तुमची मुलगीही तिसरीच्या तोंडावर येईल. तो कागद भरायला तुम्ही दोघांनी जा, आणि चाचणीच्या दिवशी शाळेला विचारा की तुम्हाला बाहेर थांबता येईल का.

टेक्सासात राज्याचा आयकर नाही, आणि २०१९ मध्ये मतदारांनी तो राज्यघटनेतच बंद करून टाकला. पगाराची पावती बघून बरं वाटतं. पण शाळांचा मोठा पैसा घरपट्टीतून येतो, तेव्हा चांगली शाळा म्हणजे महाग घर किंवा महाग भाडं. मे २०२५ मध्ये खासगी शाळांसाठी सरकारी पैसा द्यायचा कायदाही झाला, पहिल्या टप्प्यात १ अब्ज डॉलरचा.

दुसऱ्या मुलाचा विचार असेल तर वहिनींशी स्पष्ट बोला. इथे २०२२ पासून गर्भपातावर जवळपास पूर्ण बंदी आहे. आणि जानेवारी २०२५ चा जन्मसिद्ध नागरिकत्वाचा आदेश आपल्यासारख्या तात्पुरत्या व्हिसावरच्यांच्या बाळांनाही वगळायला निघाला होता. खालच्या न्यायालयांनी तो रोखून धरला, पुढचं त्या वेळी तपासून घ्या. वहिनींच्या कामाची काळजी नको, एल-वनवाल्याच्या बायकोला मिळणाऱ्या एल-टू व्हिसावर २०२१ च्या अखेरीपासून नोकरीचा वेगळा परवाना लागत नाही. मी साताऱ्यात फिजिक्स शिकवत होते, आणि एच-वन-बीवाल्यांच्या काही जोडीदारांना नोकरी करू देणारा ओबामांचा २०१५ चा नियम येईपर्यंत मला इथे शिकवता आलं नाही.

एकटेपणाचं विचारलंत. मंडळ आहे, गणपती आहेत, कोथिंबीर मिळते. जातो तो.

आता मुख्य गोष्ट. ग्रीन कार्डाच्या रांगेतली आमची जागा ठरवणारी तारीख मार्च २०१५ ची. रांगेतल्या कोणत्या तारखेपर्यंतच्यांनी शेवटचा अर्ज भरायचा ती मर्यादा ऑक्टोबर २०२० मध्ये नोकरीवरच्या एका वर्गात एकदम १ जानेवारी २०१५ पर्यंत पुढे आली. दोन-तीन महिन्यांनी आमचं राहिलं. मुलगी २०२५ मध्ये एकवीस वर्षांची झाली आणि कायद्याने आमची अवलंबित राहिली नाही. सहाव्या वर्षापासून इथे वाढलेली मुलगी आता विद्यार्थी व्हिसावर परदेशी म्हणून शिकते. नोकरीसाठी तिलाही एच-वन-बीची लॉटरी, ग्रीन कार्डासाठी तिलाही देशनिहाय मर्यादेने लांबलेली भारताचीच रांग. वाट पाहण्यातली काही वर्षं वयातून वजा करायचा कायदा धाकट्या बुश यांच्याच काळातला, २००२ चा. पण वय कोणत्या तारखेला धरायचं हे फेब्रुवारी २०२३ मध्ये बायडन सरकारने सैल केलं आणि ऑगस्ट २०२५ मध्ये पुन्हा आवळलं गेलं. त्या मधल्या काळात आमच्याही घरात आशा होती.

तेव्हा तुमच्या मुलीच्या एकविसाव्या वाढदिवसापर्यंत चौदा वर्षं आहेत हे धरून चला. कंपनीला लेखी विचारा: ग्रीन कार्डाचा अर्ज पहिल्याच वर्षी करणार का? तुमचा एल-वन व्यवस्थापकाचा आहे की विशेष ज्ञानाचा? व्यवस्थापकाला वेगळ्या, बऱ्याच छोट्या रांगेतून जायची संधी असते, विशेष ज्ञानवाल्याला पाच वर्षांनी देश सोडून जावं लागतं किंवा व्हिसा बदलावा लागतो. मनुष्यबळ विभाग ‘बघू’ म्हणाला तर ते ‘नाही’ समजा.

मग तुम्ही परत का गेला नाहीत, असं विचाराल. मुलगी म्हणते, मी जाऊन कुठे जाऊ? आणि मला तिला इथे एकटं टाकून जाववत नाही. कंपनीचं पत्र आलं की मला पाठवा, मी वाचून सांगेन.