दुर्लक्षित रॉक अल्बमची बाजू मांडायची तर

परभणीत बसून सत्तरच्या दशकातला रॉक ऐकतोयस, मित्रा, याचाच आधी आनंद झाला. दुर्लक्षित अल्बमची बाजू घेऊन वादात उतरायचं म्हणतोस, तर सुरुवातीला एवढंच सांभाळ.

अल्बम क्रमानं, पूर्ण, निदान तीनदा ऐक. दोन गाणी ऐकून 'क्लासिक' म्हणणं ही सगळ्यात कॉमन चूक. मी लातूरला शिकत असताना रात्री लाइट गेली की गच्चीवर इअरफोन लावून अख्खा अल्बम ऐकायचो. ती सवय अजून कामी येते.

दुसरं, खपला नाही म्हणून अल्बम वाईट ठरत नाही, आणि तेवढ्यावरून थोर तर मुळीच ठरत नाही. का खपला नाही ते शोध. बिग स्टार या अमेरिकन बँडचा '#१ रेकॉर्ड' हा अल्बम १९७२ चा. समीक्षकांनी वाखाणला, पण वितरण कोलमडलं आणि दुकानांत तो मिळेचना. मग त्यातलं 'थर्टीन' हे गाणं ऐक: ड्रम नाहीत, नुसत्या अकूस्टिक गिटारी आणि जपून गायलेला कोवळा आवाज. बाजू मांडताना असं बोट ठेवून दाखवायचं. 'लई भारी' म्हटल्यानं कुणाला पटत नसतं.

तिसरं, तू निवडलेला अल्बम आज खरंच दुर्लक्षित आहे का ते बघ. झॉम्बीज या ब्रिटिश बँडचा १९६८ चा 'ओडेसी अँड ओरॅकल' तेव्हा मागं पडला होता, पण आता सर्वोत्तम अल्बमच्या मोठमोठ्या याद्यांत असतो. त्याच्यासाठी गळा काढू नकोस.

प्रेसिंग (रेकॉर्डची कुठली छपाई) आणि मास्टरिंग (छपाईआधी आवाजावर फिरवलेला शेवटचा हात) यांच्या भानगडीत सध्या पडूच नको. आधी एकच अल्बम निवड आणि त्यातली तीन गाणी का टिकतात ते लिहून आण.