इम्युनॉलॉजी, म्हणजे शरीराच्या रोगप्रतिकाराचं शास्त्र, नव्याने वाचायला घेतोयस तर...

पहिल्याच आठवड्यात सीडी-४, सीडी-८ (पेशींवरच्या खुणा) आणि इंटरल्यूकिनचे (पेशी एकमेकींना धाडतात ते रासायनिक निरोप) आकडे घोकत बसू नकोस, डोक्याचं भजं होईल. आधी एकच प्रश्न धर: शरीराने कधीच न पाहिलेला जंतू ओळखला कसा जातो?

उत्तर उलटं आहे. जंतू आल्यावर त्याच्या मापाची अँटीबॉडी (जंतूला चिकटणारं प्रथिन) शिवायला घेत नाहीत. बी-पेशी (अँटीबॉडी बनवणाऱ्या पांढऱ्या पेशी) घडतानाच जनुकांचे व्ही, डी, जे तुकडे जुळून वेगवेगळे रिसेप्टर (पेशीवरचे जंतू ओळखणारे भाग) तयार झालेले असतात. जंतूशी जी पेशी जुळते, तीच मग वाढते. ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञ बर्नेटने हे १९५७ मध्ये मांडलं. तुकड्यांची जुळवाजुळव पुढे जपानी शास्त्रज्ञ तोनेगावाने दाखवली आणि १९८७ चं नोबेल घेतलं.

टी-पेशीला (प्रतिकाराच्या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशीला) मात्र अख्खा जंतू दिसतच नाही. दुसऱ्या पेशीने एमएचसीवर (पेशीच्या पृष्ठभागावर तुकडे मांडून दाखवणाऱ्या प्रथिनावर) मांडलेला प्रथिनाचा तुकडा तेवढा दिसतो. बहुतेकांची गाडी इथेच अडते, तेव्हा हे चित्र स्वतःच्या हाताने काढ.

शरीर एकदा झालेला आजार लक्षात कसं ठेवतं, त्या स्मृतीसाठी उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांची गोष्ट वाच. १७८१ नंतर तिथे गोवर नव्हता. १८४६ मध्ये आला आणि जेमतेम ७,८०० वस्तीतले सुमारे ६,००० लोक आजारी पडले. पण पानुम या तरुण डॅनिश डॉक्टरने नोंदवलं, की १७८१ मध्ये गोवर होऊन गेलेल्या म्हाताऱ्यांपैकी एकालाही तो पुन्हा झाला नाही. पासष्ट वर्षं, मधे विषाणूचं दर्शनही नाही! हे जमवतात स्मृतिपेशी आणि अस्थिमज्जेत तळ ठोकून वर्षानुवर्षं अँटीबॉडी सोडणाऱ्या प्लाझ्मा पेशी.

फ्लूचं प्रकरण सध्या बाजूला ठेव. तो रूप पालटत राहतो, त्याला वेगळा वेळ लागेल.