दारू पिऊन गाडी चालवताना दुसऱ्यांदा पकडले गेल्यास दंड भरून सुटका होते का?

आपला प्रश्न असा आहे की, मद्यप्राशन करून दुचाकी चालवल्याबद्दल आपल्याला चार वर्षांपूर्वी न्यायालयात दंड झाला होता व तो आपण त्याच दिवशी भरला होता. आता नाकाबंदीत पुन्हा पकडले गेला आहात. तीन वर्षे उलटल्यामुळे जुने प्रकरण मोजले जाणार नाही, असे आपल्या मित्राचे म्हणणे आहे, आणि या वेळीही दंड भरून मोकळे होता येईल का, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. मी फौजदारी न्यायालयांत वकिली करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मित्राची माहिती जुन्या कायद्याची आहे. दंडावर सुटका होण्याची शक्यता आजही आहे, पण तिची हमी कोणी देऊ शकत नाही. शिवाय आपण सगळे लक्ष तुरुंगाच्या भीतीवर ठेवले असले, तरी माझ्या मते अशा प्रकरणातला खरा फटका ड्रायव्हिंग लायसन्सला बसतो, आणि त्याविषयी आपल्या प्रश्नात एक अक्षरही नाही.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८५ नुसार, १०० मिलिलिटर रक्तामागे ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक अल्कोहोल असताना वाहन चालवणे, किंवा चालवण्याचा नुसता प्रयत्न करणे, हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. दुसऱ्या आणि त्यानंतरच्या प्रत्येक गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा १५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. यात ‘पर्यंत’ हा शब्द कैदेपुढे आहे, दंडापुढे नाही. म्हणजे न्यायाधीशांनी दंड करायचे ठरवले, तर हात जोडून रक्कम कमी करून घेण्याची सोय कायद्याने ठेवलेली नाही.

तीन वर्षांची गोष्ट अशी. २०१९ च्या दुरुस्तीपूर्वी, आधीच्या गुन्ह्यापासून तीन वर्षांच्या आत तसाच गुन्हा पुन्हा घडला तरच वाढीव शिक्षा लागू होत असे, आणि तेव्हा दंडही जास्तीत जास्त ३,००० रुपये होता. १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने कलम १८५ मधून ते तीन वर्षांचे शब्द काढून टाकले. धोकादायक रीतीने वाहन चालवण्याबद्दलच्या कलम १८४ मध्ये मात्र ते आजही कायम आहेत, आणि बहुधा त्यामुळेच हा गैरसमज अजून फिरत असतो. आपली दोन्ही प्रकरणे दुरुस्तीनंतरची आहेत, त्यामुळे मधल्या चार वर्षांचा आधार आपल्याला मिळणार नाही. न्यायाधीशांनी शिक्षा ठरवताना तो काळ विचारात घ्यावा, अशी विनंती तेवढी करता येईल.

आता ‘पहिला गुन्हा’ कशाला म्हणायचे, हा मुद्दा नीट समजून घ्या, कारण माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांची गफलत इथेच झालेली असते. सिग्नल तोडल्याचा ई-चलान मोबाइलवर भरला की विषय मिटतो, कारण तो गुन्हा तडजोडपात्र आहे, म्हणजे खटला न चालवता ठरलेली रक्कम भरून मिटवता येतो. कलम १८५ तडजोडपात्र गुन्ह्यांच्या यादीत नाही. म्हणून त्याचा दंड रस्त्यावर किंवा ऑनलाइन भरता येत नाही, आणि लोकअदालतीत अर्ध्या रकमेत मिटवतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये, कारण तडजोडपात्र नसलेला गुन्हा लोकअदालतीच्या अधिकारक्षेत्रातच येत नाही. आपण मागच्या वेळी न्यायालयात गेलात, ‘गुन्हा कबूल आहे का’ या प्रश्नाला ‘कबूल’ म्हणालात आणि खिडकीवर पैसे भरून पावती घेतलीत. ती पावती म्हणजे फौजदारी गुन्ह्यात दोषी ठरल्याची खूण आहे. दंडाऐवजी ‘न्यायालय उठेपर्यंत कैद’ मिळाली असती, म्हणजे दिवसभर मागच्या बाकावर बसून संध्याकाळी घरी जाता आले असते, तरी ती कायद्याच्या नजरेत कैदेचीच शिक्षा ठरली असती.

म्हणून सर्वांत आधी त्या जुन्या प्रकरणाच्या निकालाची आणि रोजनाम्याची (प्रत्येक तारखेला न्यायालयात काय झाले त्या नोंदीची) प्रमाणित नक्कल काढा. दोष नेमक्या कोणत्या कलमाखाली सिद्ध झाला, हे त्यात पाहायचे आहे. पोलिसांनी कारवाई ‘ड्रंक अँड ड्राइव्ह’ म्हणून केलेली असली, तरी निकालात कलम १८५ आहे, केवळ कलम १८४ आहे, की सार्वजनिक ठिकाणी नशेत असण्याबद्दलची दारूबंदी कायद्याची तरतूद आहे, यावर बरेच अवलंबून असते. आधीचा गुन्हा कलम १८५ चाच नसेल, तर आताच्या गुन्ह्याला ‘दुसरा’ म्हणण्यावर हरकत घेता येते. शिवाय वाढीव शिक्षा मागायची असेल, तर आधीची दोषसिद्धी तारखेनिशी आणि न्यायालयाच्या नावानिशी आरोपात मांडून सिद्ध करण्याची जबाबदारी सरकार पक्षावर असते. पोलिसांच्या संगणकावर नाव दिसते, एवढे त्यासाठी पुरत नाही. त्याचप्रमाणे आधीचे प्रकरण नुसते प्रलंबित असेल आणि त्यात दोष सिद्ध झालेला नसेल, तर त्याच्या आधारे वाढीव शिक्षा मागण्याला बचाव पक्ष जोरदार विरोध करू शकतो. अर्थात आपण कबुली दिलेली असल्याने हा शेवटचा मुद्दा आपल्याला लागू पडत नाही.

या वेळी पहिल्याच तारखेला पुन्हा ‘कबूल’ म्हणावे का? सरसकट ‘नाही’ असे मी सांगणार नाही. पुरावा भक्कम असेल, कोणाला इजा झालेली नसेल आणि माणूस मनापासून उपचार घेत असेल, तर कबुली देऊन शिक्षेत सौम्यता मागणे हाही मार्ग आहे. पण कागद न वाचता, केवळ एक रजा वाचावी म्हणून कबुली देऊ नका. कबुलीवर शिक्षा झाली की पुढे अपील शिक्षेचे प्रमाण आणि तिची वैधता एवढ्यापुरतेच उरते. दोषी ठरवण्यालाच आव्हान देण्याचा मार्ग जवळपास बंद होतो.

कागद म्हणजे मुख्यतः ब्रेथ ॲनालायझरची चिठ्ठी. तिच्यावर आपले नाव, वेळ, यंत्राचा क्रमांक आणि आकडा आहे का, सही आपलीच आहे का, आणि चिठ्ठीवरची वेळ पंचनाम्यातल्या वेळेशी जुळते का, हे पाहा. पोलिसांनी जागेवर अटक केली असेल, तर कलम २०२ प्रमाणे अटकेपासून दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरांकडून तपासणी व्हावी लागते, अन्यथा अटकेतून सोडावे लागते. केवळ तोंडाला वास येत होता, चाल अडखळत होती, बोलणे असंबद्ध होते आणि डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारल्या होत्या, एवढ्यावरून मद्यप्राशन सिद्ध होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्येच म्हटले आहे. मात्र यावरून ‘फुंकर मारायलाच नकार द्यावा’ असा निष्कर्ष काढू नये. सबळ कारणाशिवाय नकार दिल्यास तो नकारच सरकार पक्षाच्या पुराव्याला पुष्टी देणारा मानता येतो, असे कलम २०५ सांगते.

तुरुंगाबद्दल बोलायचे, तर दुसऱ्या गुन्ह्यालाही कैद सक्तीची नाही आणि हा गुन्हा जामीनपात्र आहे. न्यायाधीश पाहतात ते हे: रक्तातील प्रमाण मर्यादेच्या किंचित वर होते की कित्येक पट, गाडीत मूल किंवा अन्य प्रवासी होते का, कोणाला धडक बसली का, पोलिसांशी वर्तन कसे होते आणि आधीच्या शिक्षेनंतर माणसाने काय केले. व्यसनमुक्ती केंद्रात उपचार सुरू केले असतील, तर त्याचे कागद पहिल्या तारखेआधीचे असावेत. निकालाच्या आदल्या आठवड्यातले प्रमाणपत्र कोणाचेही समाधान करत नाही. चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडण्याची विनंती अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ खाली करता येते, पण पूर्वीची दोषसिद्धी असताना ती मान्य होणे अवघड असते, हे स्पष्ट सांगितलेले बरे.

आता लायसन्स. इथे दोन स्वतंत्र वाटांनी कारवाई होते, आणि एका ठिकाणी निभावले म्हणजे दुसरीकडेही निभावेल असे नाही. पहिली वाट न्यायालयाची. कलम २० नुसार, कलम १८५ खाली दोष सिद्ध झाल्यास न्यायालयाने त्या व्यक्तीला किमान सहा महिन्यांसाठी लायसन्स धारण करण्यास अपात्र ठरवायचे असते. ही तरतूद पहिल्या गुन्ह्यालाही लागू आहे, फक्त घाईघाईने चालणाऱ्या प्रकरणांत ती कधी कधी नजरेआड होते. दुसरी वाट आरटीओची. कलम २०६ प्रमाणे पोलिसांनी आपले लायसन्स जप्त करून परवाना प्राधिकाऱ्याकडे पाठवायचे असते, आणि कलम १९ प्रमाणे तो अधिकारी आपली बाजू ऐकून निर्णय घेतो. पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांची अपात्रता, आणि दुसऱ्या किंवा त्यापुढच्या गुन्ह्याला थेट लायसन्स रद्द. निलंबित लायसन्स मुदत संपल्यावर आणि उजळणी प्रशिक्षण पूर्ण केल्यावर परत मिळू शकते. रद्द झालेले तसे परत येत नाही. रद्द झालेल्या लायसन्सधारकाचे नाव जाहीर करण्याचीही मुभा कायद्याने दिली आहे.

आरटीओची कारणे दाखवा नोटीस लायसन्सवरच्या पत्त्यावर येते, आणि घर बदललेले असेल तर ती आपल्याला मिळतच नाही. म्हणून वाट पाहत न बसता कार्यालयात जाऊन चौकशी करा, पत्ता अद्ययावत करा आणि लेखी खुलासा द्या. त्या अधिकाऱ्याला प्रकरण सोडून देण्याचाही अधिकार आहे आणि अपात्र ठरवायचे असेल तर सविस्तर कारणे लिहावी लागतात. त्यामुळे नोकरी वाहन चालवण्यावरच अवलंबून आहे, किंवा जुना निकाल कलम १८५ चा नव्हताच, असे मुद्दे तिथे मांडण्यात अर्थ आहे. आदेश विरोधात गेला, तर अपिलाला ३० दिवस मिळतात. न्यायालयातल्या वकिलाला फी दिली म्हणजे आरटीओचे काम आपोआप होते, असे समजू नका. बहुतेक वेळा ते कोणीच पाहत नसते.

अपघात झालेला नाही, असे आपण लिहिले आहे, म्हणून त्याबद्दल दोनच वाक्ये. मद्यधुंद चालकाने माणसे चिरडल्यास तो केवळ निष्काळजीपणा न मानता सदोष मनुष्यवधही मानला जाऊ शकतो, आणि वांद्र्याच्या कार्टर रोडवर २००६ मध्ये सात जणांचा बळी घेणाऱ्या अपघातात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये तसाच दोष कायम केला. विम्याच्या बाबतीत, चालक नशेत असल्याचे दाखवता आले तर विमा कंपनी गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारू शकते, आणि त्यासाठी श्वासाची किंवा रक्ताची तपासणी झालेलीच असावी असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये मान्य केले आहे.

खटला प्रलंबित असेपर्यंत पासपोर्टच्या अर्जात तो दाखवावा लागतो, आणि नवीन पासपोर्ट किंवा नूतनीकरणासाठी न्यायालयाची परवानगी आणण्यास सांगितले जाऊ शकते. परदेशी जायचा विचार असेल, तर त्या देशाचे नियम आधी वाचा. कॅनडाने डिसेंबर २०१८ पासून नशेत वाहन चालवणे गंभीर गुन्ह्यांत धरले आहे. सरकारी नोकरी असेल, तर खात्याला कळवण्याविषयीचे आपल्या सेवेचे नियम पाहून घ्या, कारण माहिती दडवल्याचा ठपका मूळ गुन्ह्यापेक्षा जड जाऊ शकतो. विशेषतः चालकाच्या पदावर असाल, तर ‘मोठे नुकसान झाले नाही’ हा बचाव फारसा चालत नाही. उत्तर प्रदेशातील सशस्त्र पोलीस दलाच्या एका ट्रकचालकाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये तो स्वीकारला नाही.

शेवटची बाब निकालानंतरची आहे. अपात्रतेच्या काळात ‘कोपऱ्यापर्यंतच जायचे होते’ म्हणून गाडी काढली, तर तो कलम १८२ खालचा वेगळा गुन्हा होतो, ज्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही आहे, आणि त्या वेळी अपघात झाला तर विमा कंपनीला आणखी एक हरकत आयती मिळते. घरात एकच दुचाकी असेल, तर या काळात ती कोण चालवणार हे आधीच ठरवा, आणि तिची किल्ली त्याच व्यक्तीकडे द्या.